वेसकर आणि द्वारपाल

जनसंज्ञापन आणि माध्यमविद्या या विषयाच्या पदव्युत्तर वर्गाच्या तोंडी परीक्षेला बहिःस्थ परीक्षक म्हणून जाण्याचा प्रसंग काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकावर आला. विद्यापीठाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिथे घडले ते अन्यत्र घडत नसेल असे आम्हांस वाटत नाही. एका विद्यार्थ्याला ‘गेटकीपिंग’ची संकल्पना विचारली. त्याने उत्तर चोख दिले. संकल्पना मूळची कर्ट लेविन यांची, वृत्तपत्राला ती लावली डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी १९५० साली, मराठीत तिला ‘द्वारपाल सिद्धांत’ म्हणतात. आणि फळ्यावर चौकोन व बाण काढून बातमी कुठे अडते तेही त्याने दाखवले. मग, केवळ कुतूहल म्हणून, तुमच्या गावात वेशीवर कोण असे, असे आम्ही विचारले. तो थबकला. “येसकर,” म्हणाला. आणि जरा वेळाने, आवाज खाली आणून, “आमचे पणजोबाच होते.” या दोन उत्तरांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, हा पुढचा प्रश्न आमच्या ओठांवर होता. परंतु शेजारच्या अंतर्गत परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिले आणि विचारले, शॅनन-वीव्हर प्रतिमानातील ‘गोंगाट’ म्हणजे काय? विद्यार्थ्याचा चेहरा उजळला. हे त्याला येत होते.

त्याला गुण चांगले मिळाले आणि ते मिळायलाच हवे होते. तक्रार त्याच्याविषयी नाही. ज्या विद्याशाखेत पहिले उत्तर ज्ञान ठरते आणि दुसरे घरगुती आठवण ठरते, त्या विद्याशाखेविषयी आमची तक्रार आहे. आणि या व्यवहारात साहित्याच्या लोकांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, जी बघ्याची भूमिका घेतली तिच्याविषयीही आहे.

आधी ‘द्वारपाल’ हा शब्द पाहू. लेविन यांनी ही कल्पना मांडली ती वृत्तपत्रांसाठी नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन कुटुंबांच्या आहाराच्या सवयी कशा बदलता येतील याचा ते अभ्यास करत होते. अन्न दुकानातून किंवा परसातून निघून ताटात पोचेपर्यंत कोणकोणत्या वाटांनी जाते आणि त्या वाटांवरच्या फाटकांशी कोण उभे असते, असा त्यांचा प्रश्न होता, आणि बहुतेक फाटकांशी त्यांना घरातली बाई सापडली. व्हाइट यांनी हीच कल्पना उचलून एका छोट्या अमेरिकन दैनिकाच्या तार-संपादकाला लावली. वृत्तसंस्थांकडून आलेल्या मजकुरातला जेमतेम दहावा हिस्सा हा गृहस्थ छापत असे आणि बाकीचा का टाकला याची कारणे कागदावर लिहून ठेवत असे. ती कारणे बरीचशी त्याच्या आवडीनिवडीची होती. अभ्यास लहान आहे, पण गंमतीचा आहे. मूळ लेख वाचणाऱ्याला त्यातला माणूस दिसतो. आमच्या पाठ्यपुस्तकात तो माणूस गळून गेला आणि ‘द्वारपाल’ उरला. द्वारपाल म्हटले की मराठी मनाला जय-विजय दिसतात, देवळाच्या दाराशी गदा घेऊन उभ्या असलेल्या दगडी मूर्ती दिसतात. त्या मूर्तीकडे सत्ता असते, शोभा असते आणि आत जाण्याचा हक्कही गृहीत असतो.

मराठीला फाटकाशी उभ्या असलेल्या माणसासाठी शब्द हवा होता तर तो तिच्याजवळ होताच. मोल्सवर्थच्या कोशात ‘वेसकर’ आहे; बोलण्यात तोच येसकर होतो. वेशीची राखण करणारा महार. वेस रात्री लावणे आणि सकाळी उघडणे, आलागेला कोण याची खबर पाटलाला देणे, चावडीचा सांगावा घरोघर पोचवणे, सरकारी टपाल आणि साऱ्याची रक्कम तालुक्याला नेणे, हद्दीचा तंटा निघाला की साक्ष देणे, ही सारी कामे महारांच्या वतनात येत. गावात मर्तिक झाले की परगावच्या सोयऱ्यांना ती बातमी सांगायला त्याच वाड्यातला माणूस निघे. ऊन असो, पाऊस असो, रात्र असो. डॉ. आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या वेठीविरुद्ध. चोवीस तास बांधलेला हा नोकर सरकारचा की गावाचा हे कोणी ठरवत नव्हते आणि मोबदला मात्र बलुत्याच्या पेंढीवर आणि तुटपुंज्या इनाम जमिनीवर भागवला जात होता. कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले.

आता पाठ्यपुस्तकातला फाटकाचा सिद्धांत या माणसाला लावून पाहा. तो फाटकाशी आहे, परंतु काय आत येणार हे तो ठरवत नाही. ते चावडीत ठरते. गावातली प्रत्येक बातमी त्याच्या हातून जाते, परंतु त्याची स्वतःची बातमी कोणी नेत नाही. गावाची हद्द कुठे संपते हे त्याच्या साक्षीवर ठरते, आणि तो स्वतः राहतो वेशीबाहेर. फाटक राखणारा आणि फाटकावर हुकूम चालवणारा हे दोन वेगळे इसम असू शकतात, किंबहुना त्यांचे वेगळे असणे हीच त्या व्यवस्थेची कळ असू शकते, ही गोष्ट व्हाइट यांच्या तार-संपादकाकडून कळण्याजोगी नाही. ‘येसकर’ या एका शब्दातून ती कळते. भाषांतरकाराने ‘द्वारपाल’ लिहिले आणि हा सगळा ऐवज उंबऱ्याबाहेर राहिला. ज्या देवळाच्या दारातला शब्द त्याने उचलला, त्या देवळात वेसकराला पाय ठेवता येत नव्हता, हेही त्या भाषांतरकाराच्या ध्यानात आले नसावे.

हा एका शब्दाचा खल नव्हे. शॅनन-वीव्हर प्रतिमानाचेच घ्या. क्लॉड शॅनन यांचा लेख १९४८चा, बेल टेलिफोन कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकातला. तारेतून संदेश जाताना तो कितपत शाबूत पोचतो हा त्यांच्यापुढचा अभियांत्रिकी प्रश्न होता, आणि संदेशाच्या अर्थाशी या प्रश्नाला कर्तव्य नाही हे त्यांनी सुरुवातीलाच बजावले होते. प्रामाणिक माणूस. वॉरन वीव्हर यांनी पुढच्या वर्षी ते गणित मानवी संज्ञापनाकडे ओढले आणि तिथून ते आमच्या प्रश्नपत्रिकेत आले: प्रेषक, संकेतन, वाहिनी, गोंगाट, विसंकेतन, ग्राहक, आणि पुढे कोणीतरी जोडलेले प्रत्याभरण. अर्थाला ज्याने स्वतःहून बाजूला ठेवले, त्याची आकृती भाषेच्या विद्यार्थ्याने संज्ञापनाचा पाया म्हणून पाठ करावी, यातली विसंगती इतकी ढोबळ आहे की ती दाखवताना संकोच वाटतो. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. त्या आकृतीतली ‘वाहिनी’ तांब्याची तार आहे. तारेला भूक लागत नाही. आमच्याकडे कित्येक शतके वाहिनी म्हणजे हाडामासाचा माणूस होता. त्याला जात होती, आणि बातमी सांगून झाल्यावर त्याला अंगणात उभे करून वरून भाकरी टाकत. मराठीतल्या दलित आत्मकथनांनी हे तपशीलवार लिहून ठेवले आहे. मराठीच्या एम. ए.ला ती पुस्तके ‘वेदनेचे साहित्य’ म्हणून शिकवली जातात. खेड्यातले निरोप-दळण कसे चालत असे याविषयीचे इतके नेमके दस्तऐवज दुसरे कुठले आहेत, ते माध्यमविभागांनी सांगावे.

आणि मग ३१ जानेवारी १९२० रोजी एक पाक्षिक निघते. शतकानुशतके ज्यांनी इतरांच्या बातम्या पायी वाहिल्या त्यांच्यातून निघालेले, आणि नाव काय, तर ‘मूकनायक’. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. पैसे देऊ केले असूनही ‘केसरी’ने जाहिरात घेतली नाही, हे बाबासाहेबांनीच पुढे नमूद केले आहे. शीर्षभागी तुकोबांचा अभंग. माध्यमांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात हे सर्व ‘मराठी वृत्तपत्रांचा इतिहास’ या घटकात असते: दर्पण १८३२, प्रभाकर १८४१, दीनबंधू १८७७, केसरी १८८१, मूकनायक १९२०. जोड्या लावा. ‘सिद्धांत’ हा घटक वेगळा, आणि त्यात वरील सगळी अमेरिकन मंडळी. म्हणजे विचार तिकडे झाला आणि इकडे फक्त घटना घडल्या, अशी ही वाटणी आहे. निरोप्याने मुका असणे हीच ज्या व्यवस्थेची अट होती, तिच्याविषयीचा सिद्धांत ‘मूकनायक’ या नावातच सांगितलेला आहे, हे कोणी विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले तर त्याला कोणत्या घटकाखाली गुण द्यायचे असा प्रश्न परीक्षकाला पडेल.

इथे आमच्या काही मित्रांना वाटेल की आम्ही देशी विद्येचा झेंडा घेऊन निघालो. तसे मुळीच नाही. देशीपणाच्या नावाने या विषयात जे चालते ते आम्हांस अधिक भीतिदायक वाटते. नारद हे आद्य पत्रकार आणि संजयाने केलेले युद्धवर्णन हे पहिले थेट प्रक्षेपण, ही वाक्ये पूर्वी पत्रकारदिनाच्या भाषणांपुरती होती. २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर भारतीय ज्ञानपरंपरेचे घटक अभ्यासक्रमांत घालण्याची जी लगबग सुरू झाली, तिच्यामुळे ती श्रेयांकासहित वर्गात येऊ लागली आहेत. यापेक्षा भारदस्त प्रकार म्हणजे ‘साधारणीकरणाचे प्रतिमान’. भट्टनायकाचे साधारणीकरण आमच्या वाचकांना काव्यशास्त्राच्या तासापासून परिचित आहे. रसप्रक्रियेत विभावादिकांचे वैयक्तिक संबंध गळून पडतात, असा तो सूक्ष्म आणि वादग्रस्त विचार आहे. त्याचे काय केले गेले? प्रेषकाच्या चौकोनात ‘सहृदय’, संकेतनाच्या जागी ‘अभिव्यंजना’, आणि बाण होते तिथेच. शॅनन यांच्या आकृतीला उपरणे घातले! आणि सहृदय म्हणजे कोण, काव्याच्या आस्वादाचा अधिकार कोणाला होता, हा प्रश्न त्या चौकोनात मावत नसल्याने कोणी विचारत नाही. वेसकर तिथेही वेशीबाहेरच आहे.

आमचा आग्रह उगमस्थान देशी असण्याचा नाही. सिद्धांत शिकताना आपल्या भाषेतले अनुभव साक्षीला बोलावण्याचा आहे. लेविन, व्हाइट, शॅनन वाचावेतच. मूळातून वाचावेत. तसे वाचले की त्यांची मापे कळतात आणि आपल्या मापाचे काय हवे ते सुचते.

आता आपल्याकडे वळू. माध्यमविभागांना नावे ठेवणे सोपे आहे. त्यांच्यापुढे नोकऱ्यांचे ओझे असते, कॅमेरे जुने असतात, पूर्णवेळ शिक्षक मोजके असतात. मराठी विभागांची सबब काय? ज्याला जगभर माध्यम-अभ्यास म्हणतात त्याचा एक मोठा प्रवाह साहित्याच्या वर्गांतून निघालेला आहे. मार्शल मॅक्लुहन इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांचा केंब्रिजचा प्रबंध टॉमस नॅश या सोळाव्या शतकातल्या लेखकावर. रिचर्ड हॉगर्ट आणि रेमंड विल्यम्स दोघेही प्रौढशिक्षणाच्या वर्गांत कामगारांना साहित्य शिकवत होते. स्टुअर्ट हॉल हेन्री जेम्सवरचा प्रबंध अर्धा टाकून आले. हॉगर्ट यांनी १९६४ साली बर्मिंगहॅमचे केंद्र काढले ते इंग्रजी विभागाच्या पदराखाली. कवितेच्या ओळीकडे जसे बारकाईने पाहतो तसेच जाहिरातीकडे, स्वस्त साप्ताहिकाकडे, दूरचित्रवाणीकडे पाहता येईल का, एवढीच त्यांची पहिली भूक होती. (ते केंद्र ज्या विभागात पुढे विलीन झाले तो विद्यापीठाने २००२ साली बंद केला, हेही सांगून ठेवू; विद्यापीठे सगळीकडे सारखीच.)

आमच्या मराठी विभागांनी नेमके उलटे केले. मराठी गद्य जन्मले आणि वाढले ते नियतकालिकांत, हे वाक्य आम्ही दरवर्षी वर्गात उच्चारतो आणि लगेच नियतकालिक बाजूला सारून गद्य शिकवू लागतो. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ घ्या. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये आलेली ती पत्रे आहेत, टोपणनावाने लिहिलेली, आठवड्याच्या आठवड्याला वाचली गेलेली. आम्ही ती ‘निबंध’ म्हणून शिकवतो, त्यातली विचारसूत्रे काढतो, भाषाशैलीचे विशेष काढतो. त्या अंकात शेजारी कोणती बातमी होती, टोपणनाव घेण्याची गरज सरदारघराण्यातल्या आणि कंपनी सरकारच्या नोकरीतल्या माणसाला का पडली, ते साप्ताहिक किती हातांतून फिरे आणि मोठ्याने कोण वाचून दाखवी, हे प्रश्न ‘वाङ्मयबाह्य’ ठरले. ‘निबंधमाले’चे तेच. एकनाथांच्या ‘जोहारां’चेही तेच. महाराच्या तोंडून मायबापांना दिलेला तो गावाचा वृत्तांत आहे. आम्ही घाईघाईने त्याचे आध्यात्मिक रूपक सोडवतो, देह म्हणजे गाव वगैरे, आणि वृत्तांत देणारा महारच का, हे विचारायचे राहून जाते. जे उरले ते आम्ही ‘उपयोजित मराठी’ या नावाने एका प्रश्नपत्रिकेत कोंबले. त्यात बातमीलेखन, जाहिरातलेखन, निवेदन आणि मुद्रितशोधन येते. ही कामे वाईट नाहीत. पण माध्यम ही वाचण्याची वस्तू आहे, केवळ नोकरी मिळवण्याची जागा नव्हे, हे त्या प्रश्नपत्रिकेतून कुठेही सूचित होत नाही.

मुकुंदराव पाटलांचे ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून निघत होते, १९१० पासून जवळजवळ सहा दशके. खेड्यातून पत्र काढणे म्हणजे कागद, शाई, खिळे आणि टपाल यांची रोजची झुंज. शहरात छापून खेड्यात पाठवणे हा वृत्तपत्राचा नैसर्गिक क्रम आहे असे समजणाऱ्या कोणत्याही सिद्धांताला हे एक पत्र अडचणीत आणू शकते. ते पत्र सत्यशोधक चळवळीच्या प्रकरणात एका परिच्छेदापुरते येते. साहित्याला ते वाङ्मय वाटत नाही आणि माध्यमवाल्यांना तो सिद्धांत वाटत नाही.

आणखी एक उदाहरण द्यायला हवे, कारण ते अधिक बोचरे आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे काढली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम लागे, मंडळी जमून ऐकत, ऐकलेल्यावर चर्चा करत, काय करायचे ते ठरवत आणि प्रश्न केंद्राकडे पाठवत. तुलनेसाठी मंडळ नसलेली गावेही घेतली होती. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले, पॉल न्यूराथ यांच्या देखरेखीखाली. या प्रयोगाची दखल विल्बर श्रॅम यांनी राष्ट्रीय विकास आणि प्रसारमाध्यमे यांवरच्या १९६४च्या गाजलेल्या पुस्तकात घेतली, आणि विकाससंज्ञापन नावाच्या शाखेत तो जगभर पोचला. ती सगळी बोलणी मराठीत झाली होती. कोणी बोलले, कोण गप्प बसले, मंडळ चावडीत बसे की शाळेत, आणि चावडीत बसत असेल तर महारवाड्यातली माणसे कुठे बसत, हे मराठीत विचारण्याजोगे प्रश्न होते. आमचा विद्यार्थी तो प्रयोग आज शिकतो तो इंग्रजी पुस्तकाच्या मराठी सारांशातून, तिसऱ्या हाताने. आपल्याच आजोबांच्या बोलण्याचे प्रत्याभरण म्हणून.

आक्षेप ठरलेला आहे. हे सगळे ठीक, पण विद्यार्थ्याला नोकरी लागायला याचा काय उपयोग? संकलनाचे सॉफ्टवेअर यायला हवे, इंग्रजी यायला हवे, आणि तुम्ही त्याला येसकर शिकवता. या आक्षेपातला पहिला भाग आम्हांस मान्य आहे. कॅमेरा आणि संकलन शिकवावे, उत्तम शिकवावे. परंतु त्यासाठी दोन वर्षांची एम. ए. कशाला, सहा महिन्यांचा वर्ग पुरतो. पदव्युत्तर पदवी आपण ज्या अर्थी देतो त्या अर्थी विचार करायला शिकवण्याचे आश्वासन त्यात आहे. आणि सध्याचा लघुप्रबंध पाहिला की ते आश्वासन कसे पाळले जाते ते दिसते: तीन दैनिके, तीन महिने, अमुक विषयाच्या बातम्यांनी व्यापलेले स्तंभ-सेंटिमीटर, चार रंगीत वर्तुळे, आणि निष्कर्ष असा की या विषयाला पुरेशी जागा मिळत नाही. बातमीतले एक वाक्यसुद्धा त्यात वाचलेले नसते. सगळी फूटपट्टीने मोजलेली असतात.

दुसऱ्या भागाविषयी मात्र आमचा पूर्ण मतभेद आहे. येसकर हा पुराणवस्तुसंग्रहालयातला जिन्नस नाही. फेसबुकवर जगभरातून जे टाकले जाते त्यातला रक्तपात, बलात्कार, मुलांचे हाल हे सर्व आधी कोणीतरी डोळ्यांनी पाहते आणि बाजूला करते. हे मॉडरेटर बहुतेक कंत्राटी. मनिलात, हैदराबादेत, काही वर्षे नैरोबीतही बसलेले. काय ठेवायचे आणि काय काढायचे याचे नियम दुसऱ्या खंडात ठरतात. नियम बनवणाऱ्याला ती दृश्ये पाहावी लागत नाहीत, आणि पाहणाऱ्याला नियमात शब्द घालता येत नाही. २०२० साली या कंपनीने अमेरिकेतल्या अशा कामगारांच्या मानसिक आजारांच्या दाव्यात ५ कोटी २० लाख डॉलरची तडजोड केली. २०२२ साली नैरोबीतल्या एका माजी मॉडरेटरने न्यायालयात धाव घेतली. या माणसांना ‘द्वारपाल’ म्हणून पाहा. काहीच उलगडत नाही, कारण द्वारपालाकडे अधिकार असतो. ‘येसकर’ म्हणून पाहा. गावाची घाण वेशीवर थोपवणारा, तिच्यामुळेच विटाळलेला मानला जाणारा, आणि वेशीच्या आत ज्याचे घर नाही असा माणूस. जातीची जागा कंत्राटाने घेतली म्हणजे दोन्ही एकच झाले असे आम्ही म्हणत नाही. जन्म आणि करार यांतला फरक मोठा आहे, आणि तो नेमका कुठे आहे हे शोधणे हाच एका चांगल्या प्रबंधाचा विषय होईल. तो प्रबंध मराठीत विचार करणाऱ्याने लिहिला तर इतरांना त्यातून शिकण्यासारखे असेल.

तो लिहायला दोन्ही विभागांतले काही लागेल. मूकनायकाचे अंक वाचता येणारा, दलित आत्मकथने मुरवलेला, कोश उघडणारा विद्यार्थी मराठी विभागात असतो. समाजमाध्यमांची यंत्रणा कशी चालते हे कळणारा माध्यमविभागात. कित्येक ठिकाणी या दोन इमारतींमध्ये एक सायकल-स्टँड तेवढे असते. श्रेयांकपद्धतीत दुसऱ्या विभागाचा विषय घेण्याची मुभा कागदोपत्री आहे. ती घेणारा विद्यार्थी आम्ही अजून पाहिलेला नाही, कारण वेळापत्रके जुळत नाहीत असे सांगतात. वेळापत्रक कोण ठरवते?

त्या तोंडी परीक्षेच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो विद्यार्थी चहाच्या टपरीवर भेटला. पणजोबांची त्याच्या घरात सांगितली जाणारी एक हकीकत त्याने ऐकवली. मर्तिकाचा सांगावा घेऊन ते आठ कोस चालत गेले, दारात उभे राहिले, आणि आतून कोणी विचारीपर्यंत आपण होऊन बोलायचे नाही असा रिवाज असल्यामुळे बराच वेळ तसेच उभे राहिले. आत कुणाचे तरी हसणे चालू होते. हे लघुप्रबंधात का घातले नाहीस, असे आम्ही विचारले. त्याने जरा गोंधळून पाहिले. म्हणाला, “सर, याला संदर्भ काय देणार?”